नव्या गाडीला आधी काय बसवावे?



या व्यासपीठावर वसंत ऋतूत वेदान्त ऐकावा, इतिहास ऐकावा, एखाद्या कवीची थोरवी ऐकावी, अशी आपली सवय. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात पहिली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा टायरमध्ये हवा किती असावी यावर कोणी बोलेल असे त्यांच्या मनातही आले नसेल. चालकांना जो कोणत्याही वाटेने जा म्हणतो त्याची गाडी, आणि ती गाडी ज्यांच्या हातांखालून जाते ते मिस्त्री, यांच्यातच आमची तीस वर्षे गेली. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गाड्यांच्या इंग्रजी पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचताना झाले. तेव्हा संयोजकांनी विषय विचारला, त्या वेळी आम्ही जे रोज पाहतो तेच सांगतो म्हणालो.

विषय तसा लहान दिसतो. कोणी चिखलादगडांत चालणारी नवी गाडी घेतो, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला काहीतरी बसवायला गॅरेजात आणतो. आधी काय बसवावे? परंतु या प्रश्नात कर्जाचा पैसा आहे, रस्त्यावरच्या माणसाचा जीव आहे, आणि जो स्वतः मालक नाही पण सुकाणू ज्याच्या हाती असते त्या पगारी चालकाचाही जीव आहे. म्हणून तो गॅरेजापुरता ठेवू नये असे आम्हांस वाटते.

जीप ही आपल्या भागाला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज कंपनीने जी छोटी चौचाकी लष्करासाठी बनवली, तिची जुळवणी महिंद्र कंपनीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुरू केली. १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि खेड्यातल्या माणसाला सरकार म्हणजे धूळ उडवीत येणारी जीप हे कळले. त्या गाडीला बसवायचे काही नव्हतेच. ताडपत्री फाटली तर नवी शिवायची, पेट्रोलचे इंजिन परवडेना तर डिझेलचे घालायचे. गरज आधी यायची, फेरबदल मागून. आज नेमके उलटे झाले आहे. नाशिकच्या कारखान्यातून निघणारी आजची थार, जी २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली, ती मूळचीच इतकी सिद्ध आहे की तिला गरज शोधावी लागते. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, पाण्यातून जाण्याची कंपनीने सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर, चारही चाकांना जोर, उतार-चढासाठी वेगळा मंद गिअर. आमच्या तरुणपणीच्या चालकाला हे दिले असते तर त्याने नारळ फोडून नमस्कार केला असता.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया ती आहे. जानेवारी २०२३ पासून हीच गाडी फक्त मागच्या दोन चाकांना जोर असलेलीही मिळू लागली. दिसायला तीच, स्वस्त, म्हणून पुष्कळांनी घेतली. घेण्यात गैर काही नाही. परंतु दोन चाकांच्या गाडीला चिखलाचे अवजड टायर घालून ती शेतात नेणारा माणूस आपण दर पावसाळ्यात ट्रॅक्टरने ओढून काढतो. आपली गाडी कोणती, हे ज्याने नोंदणीच्या कागदावर वाचले नाही त्याने पानाही हातात धरू नये.

आता आपली जमीन पाहू. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगांची शेपटे, दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाट, आणि मधला सारा पसारा गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या काळ्या मातीचा. काळ्या दगडाची झीज होऊन झालेली ही माती. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हात आकसतात. म्हणून वैशाखात भेगेत हात जातो, आणि श्रावणात तीच माती चपलेला चिकटून चप्पल चार बोटे उंच करते. शेतकरी वापसा येईपर्यंत औत धरीत नाही. पाऊस पडला, वरचे पाणी जिरले, ढेकूळ हातात धरले की चिकटत नाही आणि दाबले की भुगा होतो, तो वापसा. एवढे शहाणपण ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याच घरचा मुलगा नवी गाडी घेऊन वापसा येण्याआधी पाणंदीत घालतो, याचे नवल वाटते. बैलगाडीच्या लोखंडी धावेने पडलेली चाकोरी एक ओळ असते. ही गाडी मात्र पाणंदीचे पार रबडे करते, आणि मग पुढचे पंधरा दिवस म्हातारीकोतारी, शाळेची पोरे, दुधाच्या किटल्या त्यातूनच जातात. २०२१ मध्ये शासनाने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली, ती शेतकऱ्याच्या पायवाटेला रस्त्याचे मोल आहे हे मानून. ती वाट चालवून पाहण्याचे मैदान नव्हे.

म्हणून आमचे पहिले उत्तर असे की, पहिल्या हजार रुपयांत हवा मोजण्याचा मापक घ्यावा, आणि त्यानंतरच्या पैशांतून गाडीच्या बॅटरीवर चालणारा चांगला हवा भरण्याचा पंप. लोक हसतात. मापक गाडीच्या बाहेर दिसत नाही, त्याचे छायाचित्र काढून कोणाला पाठवता येत नाही. परंतु विचार करा. पावणेदोन टनांच्या घरातली ही गाडी भुईला कोठे टेकते? चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी तळहाताहून फारसे मोठे नाही. डांबरी रस्त्यावर हवा तीसबत्तीसच्या आसपास असते. मऊ जमिनीत ती अठरा-वीसवर आणली की टायर बसका होतो आणि जमिनीवरचा ठसा लांब होतो. तेच वजन जास्त जागेत पसरते, आणि चाक खणण्याऐवजी चालते. हे टायर कंपनीने शोधलेले नाही. उंटाचा पाय पाहिलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे.

दोन पथ्ये मात्र पाळायची. कमी हवेवर गाडी बैलाच्या चालीनेच हाकावी. जोरात वळवली तर ट्यूब नसलेल्या टायरची कड रिमवरून सुटते, आणि शेताच्या मधोमध ती परत बसवणे हा आमच्या उस्तादांनाही घाम फोडणारा प्रकार आहे. दुसरे, डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरावी. पंप त्यासाठी. नाही तर बसका टायर वेगात आतून तापतो आणि परभणी-जिंतूर रस्त्यावर भर दुपारी फुटतो.

पंपानंतर टायर. इथे नक्षीचा प्रश्न येतो. रुंद घळ्यांचे चिखलाचे टायर दिसायला सिंहासारखे, पण आपली काळी माती त्या घळ्याही भरून टाकते. घळ्या रित्या व्हायला चाकाला वेग लागतो, आणि वेग द्यायला पाणंद रुंद नसते. मग ते टायर डांबरी रस्त्यावर गुणगुणतात, पावसात ब्रेक लावला की लांब जाऊन थांबतात, डिझेल खातात. जो वर्षातले तीनशे दिवस डांबर आणि मुरूम, आणि साठ दिवस चिखल तुडवतो, त्याला मधल्या नक्षीचे, सर्व प्रकारच्या रस्त्यांचे टायर बरे. जिंतूरकडच्या दगडगोट्यांत फिरणाऱ्याने टायरची बाजूची भिंत जाड घ्यावी, कारण तिकडे टायर तळाला नव्हे तर बगलेला फाटतो.

आणि माप? थारला कंपनीने सोळा इंची आणि अठरा इंची अशा दोन्ही रिमांचे टायर दिले. सोळा इंचीचा टायर साधारण ७७४ मिलिमीटर व्यासाचा. कोणी तेहेतीस इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटरचा घातला, तर गाडीच्या आसाची उंची किती वाढेल? लोक म्हणतात चौसष्ट मिलिमीटर. नाही. आस चाकाच्या मधोमध असतो, म्हणून अर्धीच, बत्तीस. सव्वा इंच उंचीसाठी आपण काय दिले? वेगदर्शक काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी पासष्टने धावते. इंजिनाला प्रत्येक गिअर जड होतो. ब्रेकला मोठे चाक आवरावे लागते. वळताना टायर चिखलपत्र्याला घासतो, मग तो कापा, मग स्प्रिंगा उंच करा, मग गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलंडायला सोपी होते. एका हौसेला दुसरी हौस जन्मते. कंपनीने दिलेल्या मापातच राहावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

टायरनंतर दोर. ही बाब आम्ही जरा सविस्तर सांगणार, कारण इथे माणसे मरतात. आपल्याकडे रुतलेली गाडी काढण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. ट्रॅक्टर बोलवा, उसाच्या ट्रॉलीची साखळी किंवा लोखंडी तारेचा दोर आणा, जिथे अडकेल तिथे अडकवा, आणि सगळा गाव भोवती उभा राहून होऽऽ म्हणू दे. ताणलेल्या तारेत केवढी शक्ती साठते ती डोळ्यांना दिसत नाही. ती तुटली की कोयत्यासारखी फिरते. आणि तुटते ती बहुधा तार नव्हे, तिचे टोक जिथे अडकवले ती वस्तू. सर्वांत वाईट म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडण्यासाठी बसवलेला लोखंडी गोळा. तो ट्रेलर ओढण्यासाठी असतो, रुतलेली गाडी हिसका देऊन काढण्यासाठी नाही. तो निखळला की तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत जातो. जगभर अशी माणसे गेली आहेत. आमच्या ओळखीच्या एका चालकाचा गुडघा साखळीच्या तुटलेल्या कडीने कायमचा गेला. मालकाने दवाखान्याचे पहिले बिल दिले, दुसऱ्या वेळी तो भेटला नाही.

तेव्हा ज्याच्यावर भार किती पेलतो हे छापले आहे असा नायलॉनचा ताणला जाणारा दोर घ्यावा, आणि त्याच तोलाच्या दोन शॅकली. हा दोर ओढताना पाव हिश्श्याने किंवा अधिकही लांबतो आणि गाडीला हिसका न देता उचलून काढतो. कंपनीने पुढेमागे ओढण्याची जागा कोठे दिली आहे ती पुस्तिकेत कोरड्या दिवशीच पाहून ठेवावी, चिखलात गुडघे टेकून शोधू नये. ओढताना दोराच्या मधोमध ओले पोते टाकावे, म्हणजे तुटलाच तर तो पोत्याच्या वजनाने खाली पडतो. आणि माणसे दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभी करावी. पोरे झाडावर चढली तर चढू द्या, वाटेत नकोत. एक फावडे आणि चाकाखाली घालायच्या दोन फळ्या असल्या तर निम्म्या वेळा दोर काढावाच लागत नाही. पुढे बसवायच्या विजेच्या चरखीची हौस ज्यांना आहे, त्यांनी ती भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारी आहे का ते पाहावे. नाही तर ती शोभेचीच राहते. शिवाय काळ्या रानात ती बांधणार कशाला? कोसभर बाभूळ सापडत नाही.

आता पुढच्या लोखंडी दांड्याकडे येतो. त्याला कोणी बुलबार म्हणतात, कोणी गार्ड. आमच्या गॅरेज गल्लीत सर्वाधिक पैसा याच दांड्यावर सुटतो, हे आम्ही लपवीत नाही. वेल्डिंगवाला, रंगवाला, चार पोरे त्यावर जेवतात. आणि आम्ही त्याच लोकांचे कार्यकर्ते. तरीही सांगतो, तो बसवू नये. ही गाडी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे घेऊन आली, ती कारखान्यातून निघाली तशी. पुढचा पत्रा चुरगळून धक्का खातो, आणि आतल्या हवेच्या पिशव्या ठरल्या क्षणी फुगतात, असा तो हिशेब बसवलेला आहे. त्यापुढे लोखंडी दांडा आला की धक्का सरळ चौकटीला जातो आणि तो हिशेब बिघडतो. हे झाले आतल्यांचे. बाहेर जो सायकलवर आहे, जी डोक्यावर मोळी घेऊन चालली आहे, तिच्या छातीच्या उंचीला तो दांडा येतो. तिला कोणती पिशवी फुगणार?

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदावरील वर्णन आणि कंपनीने ठरवलेले वर्णन यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवले की अशा दांड्यांवर कारवाई करा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस आला की तो आधी हा दांडाच पाहतो, हे आमच्या उस्तादांना ठाऊक आहे. एका उस्तादाने आम्हांस विचारले, “मामा, दांडा नाही केला तर खाऊ काय?” प्रश्न खरा आहे. याचे उत्तर आम्ही त्याला असे दिले की, इंजिनाच्या आणि टाकीच्या खाली जो पोलादी तळपत्रा बसतो तो तू नीट करायला शीक. तो दिसत नाही, पण दगडावर गाडी बसली की तेलाची टाकी वाचवतो. ज्याची टाकी एकदा जिंतूरच्या घाटात फुटली तो तुझ्याकडे दांड्यापेक्षा जास्त पैसे मोजील. तो आता ते करतो. पोट भरते. दांड्याएवढे नाही, हेही खरे.

दिव्यांबद्दल फार बोलत नाही. टपावर दिव्यांची ओळ लावून गंगाखेड रस्त्याला निघालेला माणूस समोरच्या सायकलवाल्याला आंधळा करतो, एवढे पुरे. आणि मूळ तारा कापून जोडलेले दिवे, ज्यांत फ्यूज नाही, रिले नाही, ते गाडी जाळतात.

पाण्याचा प्रश्न मात्र थोडक्यात सुटण्याजोगा नाही. इंजिनाचा श्वास वरून घेता यावा म्हणून काचेच्या कडेने नळी लावतात. लावली की मालकाला वाटते, आता दुधना काय अन्‌ पूर्णा काय! ती नळी इंजिनाला पाणी पिण्यापासून वाचवते, गाडीला वाहून जाण्यापासून नव्हे. साधा हिशेब करा. गाडीची लांबी सुमारे चार मीटर, रुंदी एक मीटर ऐंशी, म्हणजे सात चौरस मीटरांची होडी. पाणी तळाला लागल्यानंतर आणखी दहा सेंटीमीटर चढले की ढोबळ मानाने अर्ध्या टनाहून अधिक वजन ते उचलते. पाणी आत शिरेपर्यंत, तळापासून फूटभर चढले की पावणेदोन टन तरंगायला लागतात. चाके भुईवर नुसती टेकलेली, आणि बाजूने ओढ. कंपनीने सांगितलेले ६५० मिलिमीटर हे उभ्या पाण्याचे आहेत, वाहत्या पुराचे नव्हेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने जो पूर पाहिला, तो या सभागृहातल्या कोणालाही आठवण करून द्यावा लागणार नाही. कठडे नसलेल्या फरशी पुलावर पाणी तांबडे झाले की पूल आहे की वाहून गेला हे वरून कळत नाही.

आणि येथे आम्ही गॅरेज सोडून आमच्या खऱ्या कामावर येतो. त्या पाण्यात गाडी घालण्याचा निर्णय करतो मालक, आणि घालतो चालक. मालक म्हणतो, “अरे, एवढी लाखाची गाडी, नळी लावली, टायर लावले, ते कशासाठी?” चालकाला घर आहे, महिन्याचा पगार थकलेला आहे. तो कसा नाही म्हणणार? बसवलेली प्रत्येक वस्तू मालकाच्या तोंडी एक हुकूम होऊन येते, हे आम्ही कितीदा पाहिले. म्हणून आमच्या बैठकांत आम्ही चालकांना एक वाक्य पाठ करायला लावतो: “मालक, पाणी ओसरू द्या.” एवढेच. वाद नाही, भाषण नाही. दहा जणांनी म्हटले की अकराव्यालाही म्हणता येते. ज्यांच्याकडे चालक आहेत असे कितीतरी सद्‌गृहस्थ आज समोर बसले आहेत. त्यांना विनंती, की गाडीच्या कप्प्यात विम्याच्या कागदाशेजारी स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे: पुलावर पाणी असेल तर थांबण्याचा अधिकार चालकाचा. सही करावी. या फेरबदलाला आरटीओची परवानगी लागत नाही, आणि पंप घेण्याआधीही तो करता येतो.

मागच्या रांगेतल्या तरुणाने सभेच्या आधीच चिठ्ठी पाठवली होती: जवळ वीस हजार आहेत, काय घ्यावे? त्याला आम्ही एवढे सांगतो. हवेचा मापक आणि पंप. त्यानंतर दोर, दोन शॅकली, फावडे, फळ्या. पैसे उरले तर प्रथमोपचाराची पेटी आणि आग विझवण्याचे लहान नळकांडे चालकाच्या हाताला येईल असे. कंपनीचे टायर झिजेपर्यंत तेच वापर, झिजले की मधल्या नक्षीचे घे. तोवर एक पावसाळा जाईल आणि तुझी गाडी तुलाच सांगेल की तिला काय हवे. आणि दोर वापरून झाला की साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळव. नायलॉन उन्हात कुजतो, आणि काळ्या मातीचे बारीक कण आतच राहिले तर धागे आतून कापतात. गाडीत मागे ओला गुंडाळून ठेवलेला दोर पुढच्या वेळी भरवशाचा नसतो.